कांद्यासकट रंगवलेली चार फुलं
जानेवारीतला दुसरा शनिवार. पाकिटात वीस हजार रुपये, आणि निघालो आम्ही दोघंच: मी आणि माझी बायको नीला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीला, वर्सोव्याच्या सुमनताईंना, फुलांची चार जुनी चित्रं विकायची होती. एकाचे पाच हजार, असं फोनवर ठरलं होतं. कागदाला एवढे पैसे मोजणं मला पटलेलं नव्हतं. पण गॅलरीतल्या कुंड्यांत लिलीचे कांदे लावून वर्षभर फुलांची वाट बघणाऱ्या बाईशी या विषयावर वाद घालू नये, हे मला एवढ्या वर्षांत समजलं आहे.

मुलुंडहून रिक्षाने घाटकोपर, तिथून मेट्रो. वर्सोव्याला उतरून पुन्हा रिक्षा केली. कोळीवाड्याकडे वळताच सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला.

"इथूनच जवळा घेऊ या का जाताना?" मी विचारलं.

"चित्रांबरोबर? अहो, काहीतरीच!"

सुमनताईंची बिल्डिंग पुनर्विकासाला गेलेली. निम्मी घरं रिकामी, जिन्यात कुणाकुणाची खोकी. दार त्यांनीच उघडलं. पंचाहत्तरीच्या, बारीक, आवाज मात्र खणखणीत.

"या, या. उभे कित्याक (कशाला)? खोकी सरकवा आणि बसा."

आधी घावणे (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) आणि खोबऱ्याची चटणी खायला घातली. मग भिंत दाखवली.

तीन चित्रं शेजारी शेजारी होती: ट्यूलिप, पिवळा नर्गिस आणि निळी हायसिंथ. परदेशी छपाई, तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून केलेली. कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब अजून दिसत होता. रंग मात्र एकेका कागदावर कुणीतरी हाताने भरलेले. नर्गिसचा पिवळा एका ठिकाणी रेघेच्या किंचित बाहेर गेला होता. पानाफुलांखाली कांदाही होता, मुळ्यांसकट, आत्ताच मातीतून उपटून धुतल्यासारखा. नीला तिथून हलेचना.

"आमच्या ह्यांनी घेतली. बदलीच्या गावी, जुन्या सामानाच्या दुकानात," सुमनताई म्हणाल्या. "मी म्हटलं, भिंतीवर कांदे कोण लावतं?"

"आणि चौथं?" मी विचारलं.

ते पलंगावर ठेवलं होतं. लाल लिली. तिचा लाल रंग बाकीच्यांपेक्षा जाड आणि भडक होता, आणि एका पाकळीला रेघ जुमानायचीच नव्हती.

"हे नंतर रंगवलंय," मी म्हणालो. "याचे पाच हजार जास्त होतील." नीलाचं कोपर बरगडीत बसलं.

"एका पावसाळ्यात भिंत पाझरली आणि फुलाचा रंग वाहून गेला," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "हे बँकेतून रिटायर झालेले. गॅलरीत लिली फुलली की कुंडी समोर घेऊन बसायचे, चष्मा नाकावर. तीन वर्षं रंगवत होते. फूल चार दिवसच टिकायचं ना! त्याचे पैसे नकोत मला. तसंच न्या."

"फुकट? का हो?" नीलाने विचारलं.

"अंधेरीला भाड्याची जागा मिळालीय, नवी बिल्डिंग होईपर्यंत. मालकाची अट आहे, भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही. पलंगाखाली ठेवलं आणि परत ओल लागली, तर वाट लागेल गं त्याची. रंगवणारा माणूस आता नाही." सुमनताई चित्राकडे बघत नव्हत्या. "तुमच्याकडे निदान भिंतीवर राहील."

नीलाने चित्र उचललं.

"हे आपण नेणार नाही," मी म्हणालो.

नीलाने माझ्याकडे असं पाहिलं की मला घाईने पुढचं बोलावं लागलं. "खिळाच चालत नाही ना? मग टेकू लावू. फोटोला असतो तसा."

गल्लीच्या टोकाला फ्रेमवाला होता. त्याने चित्र हातात तोललं.

"काका, काच जड आहे. साधा टेकू झोपेल. प्लायचा करतो, बिजागरी आणि साखळी लावून. फ्रेम सागाची आहे, विकायची का?"

"टेकूपुरतं बोल रे!"

"बोललो, बोललो. अर्धा तास द्या."

टेकू घट्ट बसला. परत आल्यावर चित्र सुमनताईंच्या शिलाई मशीनवर उभं केलं. मशीन नव्या घरी जाणारच होतं. त्या मागे सरकल्या, पुढे आल्या, पदराने काच पुसली.

"जरासं खिडकीकडे तोंड करा भाऊ," त्या म्हणाल्या. "उजेड तिथूनच घ्यायचे ते."

मी केलं. 

परतताना मेट्रोत तीन चित्रं त्यांनीच दिलेल्या जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर धरली होती. घरी पोचल्याबरोबर मी बैठकीत तीन खिळे ठोकले. आपल्या भिंतीत आपण खिळा ठोकू शकतो, यात काही विशेष आहे असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. नर्गिस आमच्या जेवणाच्या टेबलासमोर आहे आणि पाच हजार जास्त झाले असं मी आता म्हणत नाही.

सुमनताईंना तीन चित्रांचे पंधरा हजार दिले. टेकूचे साडेतीनशे त्या मला देऊ लागल्या, मी घेतले नाहीत. ते फ्रेमवाल्याला आधीच देऊन झाले होते.