गाडी गप्प झाली तेव्हा

आमच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला होता. गाडी गल्लीत शिरली की शेजारी विचारायचे, "सोयाबीनची मळणी सुरू झाली का?" त्या धडधडाटात आम्ही नवरा-बायको वर्षभर ओरडूनच बोललो. मला मात्र त्यात एक सोय झाली होती. नांदेडहून लातूरला धाकट्या नणंदेकडे जाताना अगदी तिच्या दारापर्यंत तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलता यायचं. बाहेर कुणाला ऐकूच जायचं नाही.

परवा नवऱ्यानं एकदाचा नवा सायलेन्सर बसवून घेतला आणि आम्ही लातूरला निघालो. नवरा तर हवेतच होता. दर थोड्या वेळानं विचारायचा, "आवाज येऊन राहिला का गं?"

"न्हाई."

"तेच तर!"

आणि दोघंही खो खो हसायचो. वाटेतलं लोहा गाव मागं पडलं तरी आमचा खेळ संपेना.

पण गाडी गप्प झाली म्हणून माझ्या गळ्याची सवय थोडीच जाणार? नणंदेच्या फाटकापाशी गाडी थांबली, खिडकी सताड उघडी, आणि मी नेहमीच्याच पट्टीत ओरडत होते, "तुमच्या बहिणीच्या वरणात मीठच नसतं! लई अळणी!"

नणंद फाटकातच उभी होती. नवऱ्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. त्याचे खांदे गदागदा हलत होते.

"या वहिनी," नणंद म्हणाली. "आज टाकलंय मीठ. मागच्या वेळचं पण."