हेमराज मास्तरांचा सहावा धडा

हेमराज मास्तरांचा गुडघा गेला आणि त्याच्यामागं नोकरीही जायला निघाली. वर्ध्याच्या एका क्लबात सव्वीस वर्षं टेनिस शिकवलेला माणूस. कोर्टावर उभंच राहता येत नाही म्हटल्यावर करायचं काय? क्लबाचा सेक्रेटरी प्रेमदास भला माणूस. म्हणाला, "मास्तर, बसून शिकवा. चित्रांच्या स्लाइडा करा, वरून आवाज भरा, पोरं मोबाइलवर पाहतीन. पंधरा दिवसांत सहा धडे द्या, नाईतर कमिटी नवा माणूस आणते."

स्लाइडा भाचीनं करून दिल्या. घोडं अडलं आवाजापाशी. मास्तरांची सगळी विद्या रागावण्यात. समोरचा चुकला की तोंडाचा पट्टा सुरू; कोणी चुकतच नसेल तर बोलायचं काय, कप्पाळ? चार दिवस ते मोबाइलसमोर शोकसभेला आल्यासारखे बसून राहिले.

शेवटी बायकोच वैतागली. जन्मात रॅकेट न धरलेल्या कौशल्याबाई पदर खोचून, मास्तरांची रॅकेट घेऊन समोर उभ्या राहिल्या. "घ्या, मी चुकून दाखवतो. बोला."

"अवं, पोळ्या लाटाचं बेलणं नोहे ते! मनगट काऊन ढिलं?"

"सकाळपासून धुणं धुतलं म्हून!"

हे सगळं रेकॉर्ड झालं. मधलं कापायचं कसं ते मास्तरांना ठाऊक नव्हतं, तसंच पाठवलं. पाच धडे गेले आणि प्रेमदासचा फोन आला.

"मास्तर, पोरं तं पोरं, त्यांच्या मायाही पाहून राह्यल्या! म्हणतात, धुणं धुऊन त्या बाईले शिकणं जमते तं आपल्याले काऊन नाई? सहावा धाडा लवकर, मंग कमिटीचं मी पाहतो."

सहावा धडा सर्व्हिसचा. सगळ्यांत अवघड फटका, इथं बाई पोटभर चुकणार म्हणून मास्तर खुशीत. बाईंनी चेंडू उडवला, खांदा वळवला आणि तूर झोडपतात तसा हात वरून आणला. माहेरी हिंगणीच्या खळ्यावर लग्नापर्यंत तेच केलेलं. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारला. चूक काही सापडेना, आणि मोबाइल चालूच.

"बोला ना जी," बाई कळवळल्या. "नोकरी जाईन."

मास्तर खाकरले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "चांगलं मारलं, कौशल्या," म्हणाले. सव्वीस वर्षांत पोरांनी असलं काही ऐकलं नव्हतं, आणि बत्तीस वर्षांच्या संसारात बाईंनीही.

धडा झाला, नोकरी वाचली. बाईंनी आधी मोबाइल बंद केला. मग खोचलेला पदर सोडून त्या मास्तरांसमोर खाली बसल्या.

"आता पुन्हा म्हणा," म्हणाल्या.