अडकलेला गज आणि तात्यांचा रविवार

बंदुकीच्या नळीला आतून जे औषध नखाएवढं लावायचं असतं, ते मी अर्धी बाटली लावलं. तेही खाली तेलाचा हात देऊन. मारुतीला शेंदूर चढवतात तसं, थरावर थर. मग पुसायला म्हणून फडकं बांधलेला गज आत घातला, तो मधोमध जाऊन बसला आणि पुढे जाईना की मागे येईना. माझे साडू तात्या जाऊन आता महिना उलटून गेला. त्यांच्या मुलाचा, विजयचा फोन आला तेव्हा मी बेदाण्याच्या शेडवर होतो. "काका, तात्या गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मला सगळ्यात आधी आठवला तो हा गज... माणसाला कधी काय आठवावं, याला काही धरबंधच नाही.

तात्या उंब्रजचे. फौजेत आर्मरर होते, म्हणजे बंदुकांचे मिस्त्री. पेन्शनवर आल्यावर घरामागं पत्र्याची शेड घातली आणि पंचक्रोशीतल्या परवान्याच्या बंदुका त्यांच्या वाईसवर, म्हणजे नळी जबड्यात घट्ट धरणाऱ्या लोखंडी शिकंजावर, येऊ लागल्या. त्यात लांबून येणारी एक माझी. माझी कसली, वडिलांची. तासगावच्या द्राक्षबागेत डुकरं हुसकवायला त्यांनी घेतलेली, आणि जाताना बागेसकट माझ्या गळ्यात मारलेली. ती विकता येत नाही, टाकता येत नाही, कुणाला फुकट देतो म्हटलं तरी कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा, संपली की परत आणा. मी बंदूक बाळगतो असं लोकांना वाटतं. खरं तर तीच मला बाळगून आहे. जमा करण्याआधी तात्या ती साफ करून आतून औषध लावून द्यायचे. "बार उडाला की काजळी अन् शिसं नळीला धरतंय. बिडाचा तवा सरावला की धिरडं चिकटत न्हाई, तसं हाय हे, साडू. पर आदी तवा कोरडा पायजे, तेलाचा टिपूससुदिक नगं. अन् लावल्यावर असं पुसायचं, की लावलंच न्हाई वाटलं पायजे." हे शेवटचं मला कधी पटलं नाही. आपण काही केलं आणि ते दिसलं नाही, तर करायचं कशाला?

गेल्या वर्षी तात्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले. विजयनं त्यांना आणि अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, सांगलीला आपल्या फ्लॅटवर आणलं. चौथा मजला, लिफ्ट कायमची दुरुस्तीला. नाकाला ऑक्सिजनच्या मशीनची नळी. ती बाल्कनीच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची, पुढे नाही. तिथं खुर्ची टाकून ते समोरच्या इमारतीच्या न्हाणीघरांच्या खिडक्या बघत बसायचे. "सारी उमर नळ्या साफ केल्या रं," एकदा म्हणाले, "आता नळीनंच दावणीला बांधलंय." मी गेलो की एकच प्रश्न, "उंब्रजला कवा न्हेतोस?" मी विजयकडे बघायचो, विजय मशीनकडे बघायचा. पोरगा वाईट नव्हता. बापाला त्या जिन्यात काळानिळा पडताना त्यानं एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून तोही त्या चौथ्या मजल्यावर कोंडल्यासारखाच होता.

अशात निवडणूक लागली. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून औषध मीच लावायला घेतलं आणि वर सांगितलेला पराक्रम घडला. मी सांगलीला जाऊन कबुली दिली. तात्या खोकला येईपर्यंत हसले, अक्कांनी पाठ चोळली. मग एकदम त्यांचा चेहरा परेडला उभं राहिल्यासारखा झाला. "विजय, ही नळी माज्याच वाईसवर निघंल. दुसऱ्यानं ठोकली तर वाकंल. सरकारात जमा करायची हाय, खेळ न्हाई."

"मग इथं आणू दे की काकांना."

"सोसायटीत बंदूक? आवं साहेब, तुमचा वॉचमनच आदी पळंल!"

विजयनं बराच वेळ डोकं खाजवलं. "रविवारी," तो म्हणाला. "खुर्चीत बसवून उतरवू, गाडीत सिलिंडर ठेवू. काकांचं काम झालं की लगेच परत." तो आत जाताच तात्यांनी मला डोळा मारला. "गड्या, तुज्या येडेपणाचं सोनं झालं बघ." त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली.

आता कुठल्याही शहाण्या माणसानं रविवारपर्यंत हात बांधून बसायला हवं होतं. मी शनिवारी दुपारी नळीत थिनर भरलं, बेदाण्याच्या शेडच्या खांबाला उभी केली, आणि चहा पिऊन आल्यावर गजाला दोन ठोके दिले. निघाला! जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी दुरुस्त झालं होतं. मी तसाच फोन लावला आणि पलीकडे कोण आहे हेही न विचारता ओरडलो, "निघाला गज! आता तात्यांना उंब्रजला न्यायची काही गरज नाही!"

फोन विजयनं उचलला होता, आणि स्पीकरवर होता. "बरं झालं काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला सुटकेचा श्वास मला इथं ऐकू आला. मग मशीनची घरघर... आणि त्यामागून तात्या.

"नळी उजेडाकडं धरून बघितलीस?"

"बघितली."

"मोकळी हाय?"

"लख्ख."

"...बरं."

त्यानंतर उंब्रजचं नाव त्यांनी काढलं नाही. शेवटी त्यांना उंब्रजला नेलंच. तेव्हा मात्र जिना कुणाला आडवा आला नाही.

परवा अक्कांना भेटायला उंब्रजला गेलो. त्यांनी शेडचं कुलूप काढलं. वाईसचे जबडे उघडे होते आणि दोन्ही जबड्यांना कोरं चामडं बसवलेलं. "त्या शनवारी सकाळीच शेजारच्याला फोन करून बसवून घेतलं त्यांनी," अक्का म्हणाल्या. "तुमच्या नळीला वरखाडा नगं म्हून." मी त्या चामड्यावरून बोट फिरवत राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "अक्का, मला वाटलं, त्यांची दगदग वाचेल..."

अक्कांनी पदरानं वाईसवरची धूळ पुसली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दाजी, उभ्या जन्मात तुमच्या हातनं एकच काम धड झालं, अन् ते बी नगं तवा."