पडला, एवढंच कळलं

“से कायो,” विहीणबाई फोनवर रडत म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या मुलाचं नाव घेतलं. से कायो म्हणजे पडला. एवढं मला कळत होतं. त्या स्पेनमध्ये, मी पुण्यात वारज्याला, पुढ्यात निम्मी निवडलेली मेथी.

माझी शाळा चौथीपर्यंत. स्पॅनिश शिकवलं ते नातीनं, सुट्टीत आली होती तेव्हा, तिची बाहुली घेऊन. बाहुली पडली, झोपली, जागी झाली, उठली. सगळे शब्द होऊन गेलेल्या गोष्टींचे. पुढचं शिकवायच्या आत ती परत गेली. तेवढ्या चार शब्दांवर मी शेजारणीपुढे मिरवून घेतलं होतं.

“से लेवान्तो?” मी विचारलं. उठला का?

“नो.”

“से देस्पेर्तो?” जागा झाला का?

“नो, नो,” आणि पुढे भडाभडा बरंच काही. त्यातलं एक अक्षर कळलं नाही. बाहुलीला आम्ही कधी दवाखान्यात नेलंच नव्हतं. माझे शब्द संपले. त्या रडत होत्या, मी ऐकत होते. मग फोन बंद झाला. मी उलटा लावला, तर कुणी उचलेना. मुलाचा लागेना, सुनेचाही लागेना.

आवाज ऐकून शेजारीण आली. “आजी, बसा तरी.”

“मी बसल्यानं तो उठणार आहे का?”

बऱ्याच वेळानं सुनेचा फोन आला. तिला मोडकं मराठी येतं, मुलानं शिकवलेलं. “आई, थोडं लागलंय. काळजी नको.”

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो तेव्हा माणूस गेला तर घरी सरळ सांगत नसत. दोघं जण दारात यायचे आणि म्हणायचे, थोडं लागलंय, चला. माझ्याही दारात तसेच आले होते. दवाखान्यात भूक लागेल म्हणून मी ह्यांचा डबा भरून घेतला होता.

“खोटं बोलू नकोस,” मी सुनेवर ओरडले. “आहे की नाही, तेवढं सांग.”

“आहे! आई, आहे. आत्ता जागा झाला. देते.”

“आई, हळू बोल,” मुलाचा आवाज आला, जड, ओढल्यासारखा. “डोकं फुटतंय. जिन्यावरून पडलो.”

मी फोन शेजारणीच्या हातात दिला.

मुलगा वाचला. त्याचे वडील वाचले नव्हते.