नाडीचा चिमटा

डॉक्टर उत्तरा गुर्जर यांचा चेहरा फार थोड्या पेशंटना आठवत असे. त्या भूल द्यायच्या. पेशंट टेबलावर आला की दोन शब्द बोलायचे, इंजेक्शन द्यायचं, आणि तो शुद्धीवर आला की नातेवाइकांनी आभार मानायचे ते सर्जनचे. याचं त्यांना वाईट वाटल्याचं कोणी ऐकलं नाही. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या लहान नर्सिंग होममधून त्यांना बोलावणी येत. स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं, दवाखान्याची पाटीही नव्हती. एक तपकिरी सूटकेस होती, ती रिक्षात पायाशी ठेवून त्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायच्या.

त्या काळी अशा नर्सिंग होममध्ये ऑपरेशन चालू असताना पेशंटवर लक्ष ठेवायला यंत्रं जवळजवळ नव्हतीच. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा, स्टेथोस्कोपने ऐकायचं आणि बाकी वेळ हिरव्या चादरीखाली हात घालून मनगटावर बोटं ठेवायची. पेशंटचं रक्त जायला लागलं की रक्तदाब लगेच पडत नाही, तरुण माणसाचा तर बराच वेळ पडत नाही. त्याआधी नाडी जलद आणि बारीक होते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. उत्तराबाईंचा सगळा भरवसा त्या बारीक होणाऱ्या नाडीवर होता. सर्जन पोटात बघत असायचा आणि त्या बोटांनी.

चाळिशी उलटल्यावर त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. भूल दिलेल्या माणसाचा श्वास काळी रबरी पिशवी दाबून चालवायचा, तोच हात, तेच मनगट, वर्षानुवर्षं. आधी सकाळी उठल्यावर अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर वाटत. मग भाजी चिरताना सुरीची मूठ नीट कळेनाशी झाली. मनगटातली शीर दबली आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. लहानसं ऑपरेशन केलं की सुटली असती. पण त्यासाठी कामं बंद ठेवावी लागली असती, आणि भूल देणारा एकदा नाही म्हणाला की सर्जन दुसऱ्याला बोलावतात आणि तोच पुढे चालू राहतो. नवरा अनंत विमा कंपनीत होता. तो म्हणायचा, "अगं, हात दाखव तरी कुणाला." त्या म्हणायच्या, "दिवाळीनंतर बघू." अशा दोन दिवाळ्या गेल्या. डाव्या हाताने नाडी बघायची सवय लावून घ्यावी तर डाव्यातही झिणझिण्या सुरू झाल्या.

त्र्याऐंशी सालच्या गणेशोत्सवात घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये मालन नावाची तरुण बाई आणली. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्त साठलं होतं, ओठ पांढरे पडले होते. सर्जन होते डॉक्टर शरच्चंद्र पोतनीस, हाताचे चपळ आणि तोंडाचे तिखट. खाली रस्त्यावर मंडप होता आणि लाउडस्पीकर थेट खिडकीच्या दिशेने लावलेला. उत्तराबाईंनी दंडाचा पट्टा फुगवला, कानाला स्टेथोस्कोप लावला. गाण्याशिवाय काही ऐकू येईना. खिडकी लावली तरी तेच.

त्यांनी मनगटावर बोटं ठेवली. नाडी नव्हती. बोटं सरकवली, दाबली. नाहीच. मानेवर ठेवली, तिथेही काही कळेना.

"सर, नाडी लागत नाही," त्या म्हणाल्या आणि हृदय चालवायचं इंजेक्शन भरायला घेतलं.

पोतनीसांचा हात पेशंटच्या पोटात होता. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "काय बोलताय उत्तराबाई? इथे मोठी धमनी माझ्या हाताखाली उडतेय, चांगली उडतेय. थांबा."

त्या थांबल्या. सुई मालनच्या सलाइनच्या नळीपर्यंत पोचली होती. चालत्या हृदयाला ते इंजेक्शन जीवघेणं ठरलं असतं. ती त्यांनी ट्रेमध्ये परत ठेवली, रक्ताची बाटली जोरात सोडली. मालन वाचली. पोतनीस हात धुताना एवढंच म्हणाले, "लाउडस्पीकरने वाट लावली आज." उत्तराबाई "हो" म्हणाल्या. लाउडस्पीकरने कान बंद केले होते, बोटं नव्हेत, हे त्यांना ठाऊक होतं. त्या ते बोलल्या नाहीत.

मालनला घरी सोडायच्या दिवशी तिचा नवरा पेढे घेऊन आला. चंद्रप्रकाश त्याचं नाव. सर्जनला देऊन झाल्यावर एक पेढा त्याने उत्तराबाईंपुढे धरला. "मॅडम, तुमीच भूल दिलीत ना?" असं विचारणारा तो पहिलाच. बोलता बोलता कळलं की वडील गिरणीत होते, संपानंतर ते कुडाळला परत गेले, आणि हा साकीनाक्याला एका गाळ्यात लाइट मीटर दुरुस्त करतो.

"म्हणजे काय?"

"शूटिंगवाल्यांचं असतं ना, मॅडम, उजेड किती आहे ते मोजायचं. मढला बंगल्यांत शूटिंग चालतं. मीटर पडतात, पाण्यात जातात. मग माझ्याकडे येतात."

उत्तराबाईंच्या हातात पेढा तसाच राहिला. बोटातून दिवा आरपार दाखवला तर प्रत्येक ठोक्याला आत रक्त येतं आणि पलीकडे येणारा उजेड किंचित कमी होतो, हे त्यांनी शिकताना वाचलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात तसलं परदेशी यंत्र एकदा पाहिलंही होतं.

"इतका थोडा उजेड तुमच्या मीटरला कळेल का?" त्यांनी विचारलं.

चंद्रप्रकाशने स्वतःचं बोट ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं. "बघूया ना," तो म्हणाला.

पुढचे काही महिने दर रविवारी उत्तराबाई साकीनाक्याला जायच्या. गाळ्याच्या एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची बुचं पाडणारं मशीन, आणि मधे चंद्रप्रकाशचं टेबल. पहिला चिमटा त्याने कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यापासून केला. एका पाकळीत टॉर्चचा बल्ब, दुसऱ्यात मीटरचा उजेड ओळखणारा तुकडा. बल्ब इतका तापला की त्याच्याच बोटाला फोड आला. मग छोटा बल्ब लावला, तर मीटरची सुई हलेना. हलायला लागली तेव्हा खिडकीसमोरून कोणी गेलं तरी हलायची. बाहेरचा उजेड अडवायला मालनने काळ्या मखमलीचा बटवा शिवून दिला.

"ह्या बटव्यात बोट घालूचा?" तिने विचारलं. "आणि माझ्या बोटात तुमका काय दिसतला?"

"तुझी नाडी," उत्तराबाई म्हणाल्या.

तिने बोट घातलं. सुई उडाली, खाली आली, परत उडाली. मालन हसली, आणि हसल्याबरोबर सुई भलतीकडे गेली. "बघ, खोटा बोलता," ती नवऱ्याला म्हणाली. चंद्रप्रकाश तासभर त्यावर झटत बसला. शेवटी उत्तराबाईंनीच सांगितलं की भूल दिलेला माणूस हसत नाही, तेव्हा एवढं चालेल.

तो चिमटा सूटकेसमधून फिरायला लागला. सर्जनना वाटलं, बाईंना नवीन छंद लागला आहे. पोतनीस त्याला खेळणं म्हणायचे. त्यामागे बधिर बोटं आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं, चंद्रप्रकाशलाही नाही. सुईकडे सतत बघता बघता उत्तराबाईंना आणखी काही कळत गेलं. पेशंटच्या अंगातलं रक्त किंवा पाणी कमी झालं की सुईची झेप लहान होई. आणि रबरी पिशवी दाबली की आणखी लहान, सोडली की थोडी मोठी, अशी ती लाटेसारखी खालीवर करी. बाटली चढवली की लाट बसायची. पण पेशंट थंडीने गारठला असेल तरी झेप लहान होई, आणि सेल उतरले असतील तरी. चिमटा एकच गोष्ट सांगायचा, कारण सांगायचा नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात भांडुपचा काशीराम नावाचा कामगार टेम्पोची धडक बसून आला. प्लीहा फाटली होती. पोतनीसांनी ती काढली, पोट पुसून पाहिलं, कोरडं होतं, टाके घातले. दुपार झाली होती. त्यांना मुलुंडला दुसरी केस होती, आणि तिथेही भूल द्यायला उत्तराबाईच जाणार होत्या.

काशीराम डोळे उघडून विचारलेल्याला मान हलवत होता. रक्तदाब ठीक होता. उत्तराबाईंनी चिमटा अजून काढला नव्हता. सुईची झेप टाके घालताना होती त्याहून लहान दिसत होती. त्यांनी सेल बदलले. त्याचा हात गरम टॉवेलात गुंडाळला. चिमटा दुसऱ्या हाताच्या बोटाला लावला. झेप आणखी लहान झाली. पाय पाहिले, पंजे गार होते. बोटं बधिर असली तरी तळहाताला गारवा कळत होता. लघवीच्या पिशवीत नव्याने काही आलं नव्हतं.

पोतनीस बूट घालत होते. "चला, रिक्षा बोलावलीय."

"सर, याचं रक्त जातंय. आत कुठेतरी."

"तुमच्यासमोर पोट बंद केलंय. कोरडं होतं."

"होतं. आता नसेल."

"रक्तदाब?"

"ठीक आहे."

"मग तुमचं खेळणं सांगतंय का?" पोतनीस थांबले. "नाडी हाताने बघितलीत?"

उत्तराबाईंना बघितली म्हणता आलं असतं. जलद आहे, बारीक आहे, असंही सांगता आलं असतं, आणि ते बहुधा बरोबरच निघालं असतं.

"मला हाताने कळत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. मालनच्या वेळी नाडी होती, मलाच लागली नाही. म्हणून हे करून घेतलं. तुम्ही स्वतः बघा, सर. माझ्या बोटांवर जाऊ नका."

सिस्टर ट्रे आवरायची थांबली. पोतनीसांचा चेहरा लाल झाला. त्यांनी काशीरामचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, मग दुसऱ्या हाताने त्याचं पोट दाबून पाहिलं.

"मुलुंडला फोन करा," ते सिस्टरला म्हणाले. "म्हणावं, उद्या. याला परत आत घ्या."

पोट उघडल्यावर डाव्या बाजूला एका रक्तवाहिनीला बांधलेली गाठ निसटलेली सापडली. रक्त हळूहळू मागच्या बाजूला जमत होतं. काशीराम जगला. पुढे तो परत कामाला लागला की नाही, हे उत्तराबाईंना कळलं नाही.

दोन दिवसांनी पोतनीसांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "तुम्ही सांगितलंत म्हणून तो वाचला," ते म्हणाले. "आणि आधी सांगितलं नाहीत म्हणून ती मालन जाणार होती. दोन्ही खरं आहे ना?"

"हो."

"हाताचं ऑपरेशन करून घ्या. तोवर मी तुम्हाला बोलावणार नाही. बाकीच्यांना मी काही सांगणार नाही, ते तुम्ही सांगा."

उत्तराबाईंनी सांगितलं. एकेका नर्सिंग होमला स्वतः जाऊन सांगितलं. कोणी समजून घेतलं, कोणी पुन्हा कधी फोन केला नाही. हाताच्या ऑपरेशनच्या दिवशी अनंत त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात बसला होता, तेव्हा त्याने विचारलं, "भीती वाटतेय?" त्या म्हणाल्या, "भुलीची नाही. फक्त मनगट बधिर करतात." मग जराशाने म्हणाल्या, "वाटतेय."

आधी उजवा हात झाला, मग डावा. उजव्याचा अंगठा आणि तर्जनी परत जागी झाली. मधलं बोट तसंच राहिलं. इतका उशीर केल्यावर ते येणारही नव्हतं. त्या कामावर परतल्या तेव्हा निम्मी ठिकाणं दुसऱ्यांकडे गेली होती. पोतनीसांनी मात्र सांगितल्याप्रमाणे बोलावलं.

मधल्या काळात चंद्रप्रकाशने आणखी काही चिमटे करून ओळखीच्या भूलतज्ज्ञांना दिले होते. एक एजंट त्याच्याकडे आला. डब्यावर "रक्तस्राव ओळखणारे यंत्र" असं छापू, गावोगाव खपेल, असं त्याचं म्हणणं. चंद्रप्रकाश विचारायला आला. उत्तराबाईंनी नाही म्हटलं. "नाडीची झेप बदलली एवढंच हे सांगतं. का बदलली ते माणसाने शोधायचं. असं छापलंत तर लोक शोधायचं सोडतील."

"मॅडम, जरा वेगळ्या शब्दांत छापलं तर?"

"मग तो एजंट घेईल का?"

एजंटने घेतलं नाही. चंद्रप्रकाश काही दिवस नाराज होता. मालन सांगायची की घरी तो बाईंचं नाव काढत नव्हता. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मोठ्या हॉस्पिटलांत नवी परदेशी यंत्रं आली. तीही बोटालाच लागत, पण रक्तातला प्राणवायू आकड्यात दाखवत. चिमट्याची मागणी संपली. चंद्रप्रकाशने गाळ्यात व्हीसीआर दुरुस्ती सुरू केली आणि ती झकास चालली.

एकोणनव्वद साली उत्तराबाईंनी मुलुंडच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात पगारी नोकरी घेतली. ऑपरेशननंतर पेशंट जिथे ठेवत ती खोली त्यांच्याकडे होती. तिथे येणाऱ्या नव्या सिस्टरना त्या पहिल्याच आठवड्यात सांगायच्या की रक्तदाब पडायची वाट बघू नका, पांघरूण उचलून पायाला हात लावा, आणि शंका आली तर मला बोलवा. चुकलात तरी मी रागावणार नाही. शेवंती नावाची सिस्टर पुष्कळदा उगीचच बोलवायची. उत्तराबाई दर वेळी जेवण अर्धवट टाकून जिना उतरायच्या, पेशंटच्या पायाला तळहात लावायच्या, मनगटावर तर्जनी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे गं. अर्ध्या तासाने परत बघ."