शांत मेंदूसाठी नुसता भात

बायकोचं मन शांत करण्याची जबाबदारी मी एकदा आपणहून अंगावर घेतली होती.

सुलभाची बँकेत बढतीची मुलाखत होती, दुपारी तीनला, अंधेरीच्या ऑफिसात. आधी दोनदा ती साहेबांसमोर घाबरून गप्प बसली होती. हा शेवटचा प्रयत्न. आणि मी नुकताच मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. (माझं बरंचसं शिक्षण असंच झालंय!) अन्नातून ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. ते मेंदूत शिरलं की त्याचं सेरोटोनिन होतं आणि माणूस निवतो. पण मेंदूच्या दारात मासे-डाळीतून आलेल्या इतर अमिनो आम्लांची ही गर्दी! भात खाल्ला की इन्सुलिन वाढतं, ते बाकीच्यांना स्नायूंकडे पिटाळतं आणि आपल्या ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते.

म्हणून मी जाहीर केलं, की त्या दिवशी मासे बंद, डाळही बंद. नुसता तूपभात, वर साखरभात! आमच्या मालवणी घरात बुधवारी मासे बंद म्हटल्यावर आईने आधी कोण गेलं, याची चौकशी केली. मग म्हणाली, "तिका मुलाखतीक धाडतंस की निजाक?"

मी तिला सायन्स समजावलं. ती उठून गेली.

सुलभाने भाताच्या त्या डोंगरातले चार घास खाल्ले आणि ताट सरकवून स्वयंपाकघरात गेली. ताटात टाकलेलं आईला खपत नाही, शिवाय प्रयोगही वाया जायला नको, म्हणून तो डोंगर मी संपवला. आत आईने तिला उभ्याउभ्या बांगड्याचं तिखलं आणि भाकरी वाढली होती, हे मला फार उशिरा कळलं.

रिक्षात ती पाठ केलेली उत्तरं पुटपुटत होती आणि मध्येच विसरत होती. मला मात्र जगात कुणाचाच राग येत नव्हता. ऑफिसातल्या बाकावर बसून मी "घाबरू नकोस गं" म्हणालो, एवढं आठवतं. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा सुलभा माझा खांदा हलवत होती.

"अहो, तुमचं घोरणं आत ऐकू येत होतं."

मी ताडकन सरळ बसलो. "वाट लागली! मग?"

"साहेबांनी त्यावरूनच प्रश्न केला. शाखेत एखादा ग्राहक असा घोरत पडला, तर काय कराल?"

"तू गप्प बसलीस?"

"कशाला? इतकं हसू आलं की भीतीच गेली. म्हटलं, सर, यात माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे."

बढती झाली. ती माझ्यामुळेच झाली, हे आता सुलभाही सगळ्यांना सांगते; फक्त भाताचं नाव घेत नाही.