बारा नखांचं कासव

गडमुडशिंगीत तानाबाई कांबळे एकट्याच राहतात, ब्लाउज शिवतात. लेक संयोगिता कोल्हापुरात कॉलेजवर प्राणिशास्त्र शिकवते. पुराच्या साली तानाबाईंच्या परसातल्या विहिरीत कुठून तरी एक कासव आलं आणि तिथंच राहिलं. शिळा भात टाकला की वर यायचं.

शेजारचा कृष्णात एकदा चहाच्या टपरीवर बोलून गेला, "आमच्या तानाआक्काच्या हिरीत वीस नखी कासव हाय." वीस नखांचं कासव पैशाचा पाऊस पाडतं, असं मानणारी माणसं अजून आहेत. त्यातली दोघं मोटारसायकलवरून दारात आली.

"मावशी, कासव द्या. मागशीला ते देतो."

"पावणं, कासव म्हंजे काय कोंबडी हाय व्हय? चला, निघा."

निघाले, पण एकजण विहिरीत वाकून म्हणाला, "परत येतो. तवा इचारणार न्हाय."

तानाबाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मोटारसायकल वाजली की हातातली सुई थांबायची. शेवटी त्यांनी लेकीला फोन केला. संयोगिता वनरक्षक राजवीरला सोबत घेऊनच आली.

तानाबाईंनी बुट्टीला, म्हणजे वेताच्या टोपलीला, दोर बांधला आणि आत भात ठेवून ती विहिरीत सोडली. कासव आत शिरलं तसा राजवीरनं दोर ओढला. गल्ली गोळा झाली. चावेल म्हणून संयोगितानं ते मागच्या बाजूनं धरलं. पाठ कातड्यासारखी मऊ, नाक नळीसारखं. मागचे पाय पोटाखालच्या दोन झडपांत ओढून घेतलेले.

"हे मऊ पाठीचं, झडपांचं कासव," ती म्हणाली. "आपल्याकडं तळ्यात, विहिरीत असतंय. कृष्णातमामा, नखं तुम्हीच मोजा."

मागचे पाय बाहेर यायची बराच वेळ वाट बघावी लागली. कृष्णात लांबूनच बोटं नाचवत मोजत होता. "ह्या पायाला तीन... हितंबी तीनच... बाराच की!"

"मग वीस कुठनं आणलीस रं?" तानाबाई कडाडल्या.

"म्या मोजलीच नव्हती आक्का. उगं बोललो."

"ह्या जातीला एका पायाला तीनच असतात," संयोगिता म्हणाली. "आणि वीस असती तरी पैसा पडला नसता."

राजवीरनं फोटो काढला, खाली कासवाची जात आणि नखं बाराच असल्याचं लिहिलं, पकडणाऱ्याला तुरुंग होतो हेही लिहिलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. मग म्हणाला, "मावशी, ह्याला तळ्यात सोडूया. हितं आता सगळ्यांना ठावं झालंय."

"सोडा," तानाबाई म्हणाल्या. "त्येलाबी मोकळं होऊ दे, मलाबी."

तळ्याच्या काठाला कासव खाली ठेवलं. त्यानं मान लांब केली, चिखलातून सरपटलं आणि पाण्यात गेलं. थोडे बुडबुडे आले, तेही थांबले. तानाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच हसल्या.

"संयू, भूक लागली गं. लई दिसांनी लागली."

गांधीनगरच्या रस्त्याला एका गाड्यावर मायलेकी भजी खात उभ्या राहिल्या. तानाबाईंनी दुसरी प्लेट स्वतःच मागितली. मोटारसायकलवरची ती दोघं पुन्हा गावात फिरकली नाहीत.